चोखं पेट्रोल

मी आयुष्यात माणसांपेक्षा पिस्टनच जास्त पाहिले. यात फुशारकी काही नाही, थोडी लाजच आहे. पिस्टन हातात घेतला की पाच मिनिटांत मला कळतं, याला तेल कमी पडलं, याच्या जाळीतून धूळ आत गेली, की याला उन्हात दमछाक होईपर्यंत पळवलं. माणसाच्या बाबतीत तेवढं कळायला मला फार वेळ लागतो, आणि कळतं तेव्हा तो माणूस बहुधा समोर नसतो. ज्या पिस्टनबद्दल लिहितोय, तो मुठीत मावेल एवढा होता. झाडं कापायच्या मशीनच्या करवतीतला.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आमचा जिल्हा निजामाकडून हैदराबाद राज्यात, तिथून मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात, असा बसल्या जागी घरं बदलत आला होता. कचेऱ्यांतले उर्दू कागद जाऊन मराठी कागद आले होते आणि कारकून दोन्हींत चुकत होते. कागदावर उस्मानाबाद लिहायचं आणि तोंडानं धाराशिव म्हणायचं. त्या गावी, रस्ते करणाऱ्या एका सरकारी खात्याच्या डेपोत मी मेकॅनिक म्हणून लागलो. माझं गाव परांडा तालुक्यात, सोनारीच्या जवळ. सोलापूरला एका वर्कशॉपमध्ये दोन वर्षं काम शिकलो होतो, तेवढ्या भांडवलावर नोकरी मिळाली. एक वर्ष उमेदवारी. वर्षाच्या शेवटी साहेबांनी बरा शेरा मारला तर कायम, नाहीतर परत गावाकडं, जिथं माझ्यावाचून कुणाचं काही अडलेलं नव्हतं.

माझी खोली एका गल्लीच्या टोकाला होती. खिडकी उघडली की समोरच्या घराची भिंत दिसायची, म्हणून मी खिडकी उघडतच नसे. संध्याकाळी परत आलो की स्टोव्ह पेटवायचा, तो पेटला नाही की त्याला शिव्या द्यायच्या. दिवसभरातलं माझं सगळ्यात मोठं संभाषण तेच. घरून पत्र येत नसे. मी पाठवलेल्या पत्रांना उत्तर का देत नाहीत म्हणून मी रागानं पत्रं पाठवणं बंद केलं, आणि मग त्यांच्याकडून न येण्याला कारणच मिळालं. मला राग फार लवकर यायचा. अजूनही येतो.

पावसाळा सरल्यावर डेपोत एक लाकडी पेटी आली. आत गवताच्या काड्यांत गुंडाळलेली परदेशी करवत. पुढं लांब पातं, पात्याभोवती दातांची साखळी, मागं छोटं पेट्रोलचं इंजिन. दोरी ओढली की इंजिन सुरू होतं, साखळी फिरते आणि एकटा माणूस घटकाभरात कडुलिंब आडवा करतो. सगळे पेटीभोवती जमले, सगळ्यांनी तोंडात बोटं घातली आणि कुणीही हात लावला नाही. पेटीत एक इंग्रजी पुस्तिका होती. मला थोडंफार इंग्रजी वाचता येतं हे मी मुकादमाला आधीच तीनदा सांगून ठेवलं होतं. तेव्हा करवत माझ्या गळ्यात पडली.

तुळजापूरचा रस्ता रुंद करायचा होता. निजामाच्या अमलात दोन्ही बाजूंना लावलेले कडुलिंब आणि चिंचा तोडायच्या होत्या. मशीन मला चालवता येईल, पण झाड कुठल्या अंगाला पडेल हे मला काय कळणार? म्हणून मुकादमानं माझ्या जोडीला एक जुना आराकश दिला. आराकश म्हणजे मोठ्या करवतीनं लाकूड चिरणारे. खड्ड्यावर ओंडका ठेवायचा, एक माणूस वर उभा, एक खाली खड्ड्यात, आणि दोघांनी मिळून लांब करवत वर-खाली ओढायची. हे वरचे होते. खालचा त्यांचा सख्खा भाऊ. पोलीस अॅक्शनच्या साली, निजामाचं राज्य गेलं तेव्हा, भाऊ बायकापोरं घेऊन हैदराबादला गेला तो तिकडचाच झाला. दुसऱ्या कुणाबरोबर यांचा हात बसला नाही. तेव्हापासून पडेल ते काम करत होते. पन्नाशी उलटलेली, दाढी पांढरी, खांदे मात्र अजून रुंद. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागलो. ते मला मिस्त्री म्हणत.

चाचा रोजंदारीवर होते. मुकादमानं त्यांना सांगितलं होतं की रस्त्याचं हे काम नीट झालं तर साहेबांच्या कानावर घालतो, तुम्हालाही कायम करून घेऊ. म्हणजे मी उमेदवार आणि तेही उमेदवारच. दोघांचीही नोकरी त्या एका मशीनला टांगलेली होती.

चाचा झाडाच्या बुंध्यावर तळहात ठेवून वर बघत. दोन पावलं मागं येत, पुन्हा बघत. मग हातानं दाखवत, इकडून खाच, इकडून काप. मी दोरी ओढायचो. इंजिन चालू झालं की शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नसे, त्यामुळं आमचं सगळं खुणांनी चाले. हात वर केला की थांब. मूठ मिटली की पाचर ठोकतोय. दोन बोटं हलवली की मागं पळ. चार महिन्यांत एकही झाड त्यांनी सांगितल्याच्या वेगळ्या जागी पडलं नाही. मी मनातून थक्क व्हायचो, तोंडानं कधी म्हणालो नाही.

दुपारी चाचा एका झाडाखाली बसत आणि मी दुसऱ्या. पहिले काही दिवस त्यांनी हाक मारली, "मिस्त्री, या की इकडं, दोन घास संगट खाऊ." मी नको म्हणालो. मेकॅनिकनं मेकॅनिकसारखं राहावं असं माझं तेव्हा मत होतं. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या फडक्यातली भाकरी खायची नाही, हे घरात कुणी शिकवलं नसलं तरी अंगात मुरलेलं होतं. चार-पाच दिवसांनी त्यांनी हाक मारणं सोडलं. मग मी एकटा भाकरी चावत बसायचो आणि मनात म्हणायचो, बघा, कुणी विचारतसुद्धा नाही.

आता त्या इंजिनाबद्दल थोडं सांगायला हवं. मोटारीच्या इंजिनात तेल वेगळं असतं. इंजिनाच्या पोटात तेलाचा साठा असतो आणि ते आत फिरत राहतं. करवतीचं इंजिन हलकं हवं, त्याला हातात धरून वाकडं-तिकडं करायचं, म्हणून त्याला तेलाचं पोटच नाही. पिस्टन सिलिंडरमध्ये मिनिटाला हजारो वेळा वर-खाली होतो आणि दोघांच्या मधे तेलाचा जो पातळसा पापुद्रा लागतो, तो पेट्रोलमधूनच यावा लागतो. म्हणून पेट्रोलमध्येच तेल मिसळायचं. सोळा भाग पेट्रोल, एक भाग तेल, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. पेट्रोल जळतं, तेल अर्धवट जळतं, जाता जाता पिस्टनला वंगण देतं आणि निळसर धूर होऊन बाहेर पडतं. धूर दिसतोय म्हणजे सगळं ठीक आहे.

या मशीनला झाकणं मात्र दोन होती. एका झाकणात पेट्रोल भरायचं. दुसऱ्यात नुसतं तेल, ते साखळीसाठी. अंगठ्यानं बटण दाबलं की ते साखळीवर गळायचं. चाचांनी पहिल्याच आठवड्यात ते बटण ओळखलं आणि साखळीच्या तेलाचं काम आपणहून अंगावर घेतलं. कधी तेल संपू दिलं नाही.

पेट्रोलमध्ये तेल मी स्वतः मिसळायचो, रोज सकाळी. जीपच्या पेट्रोलचा मोठा कॅन असे, त्यातून माझ्या छोट्या डब्यात घ्यायचं, तेल घालायचं, हलवायचं आणि मलमलच्या फडक्यातून गाळायचं. आमच्या टोळीत प्रत्येकाच्या ओठात बिडी. म्हणून मी डबा घेऊन लांब बाभळीच्या कुंपणाआड जायचो. झाकण उघडण्याआधी चारी बाजूंना नजर टाकायचो, कुणी बिडीवाला मागून येत तर नाही ना. कुणी आलाच तर डबा झाकून त्याच्यावर खेकसायचो, "इकडं काय काम आहे?"

एकदा चाचा असेच जवळ आले. बिडी आधीच विझवून कानाला लावलेली होती. दोन्ही झाकणांकडं बघत म्हणाले, "मिस्त्री, तेलाला तर ही दुसरी टाकी हाय न्हवं?"

"हाय."

"मंग..."

"मंग काय?"

"काय न्हाय."

मी म्हणालो, "चाचा, तुम्ही झाडाचं बघा, मशीनचं मी बघतो." त्यांनी मान डोलावली आणि गेले. दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण पुस्तिका मी वाचली होती, मोठ्या कष्टानं, शब्द शब्द अडखळत, आणि जे मला एवढ्या कष्टानं कळलं ते दुसऱ्याला फुकटात द्यायला माझा जीव होत नव्हता. तेव्हा मी याला कामाची शिस्त म्हणायचो.

चौथ्या महिन्यात मला हिवताप भरला. तीन दिवस खाटेवर पडून होतो, पाणी द्यायलाही कुणी नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चाचा आले. दारातच उभे राहिले, आत या म्हणायचं मला सुचलं नाही. म्हणाले की उद्या मोठे साहेब रस्ता बघायला येणार आहेत. त्यांच्यासमोर चिंचेचं झाड पाडायचं आहे. मुकादम म्हणतो, मिस्त्री नसला तर चाचा, तुम्हीच चालवा.

मशीन चालवताना त्यांनी मला चार महिने पाहिलं होतं. जमलं असतं त्यांना. मी उशाखालची पेटीची किल्ली दिली. "पेटीत छोटा डबा भरलेला आहे. त्यातलंच घाला."

ते माझ्याकडं बघत राहिले. "त्यातलंच?"

"त्यातलंच. दुसरं काही नको."

"मोठे साहेब यायचेत, मिस्त्री."

"मग येऊ देत की!" माझं डोकं ठणकत होतं. मी भिंतीकडं तोंड फिरवलं. थोड्या वेळानं दार लोटल्याचा आवाज आला. खाटेपाशी तांब्याभर पाणी भरून ठेवलेलं मला नंतर दिसलं.

चौथ्या दिवशी मी डेपोत गेलो तेव्हा मशीन टेबलावर पडलं होतं. मुकादमानं सगळं सांगितलं. मोठे साहेब आले, सगळी मंडळी उभी होती, चाचांनी दोरी ओढली, करवत कधी नव्हे एवढी सणसणीत चालली. धूर अजिबात नाही. साहेबांनीसुद्धा मान डोलावली. चिंच अर्धी कापली गेली असेल नसेल, तोच इंजिनातून किंचाळल्यासारखा आवाज आला आणि सगळं एका झटक्यात थांबलं. दोरी ओढावी तर हलेना. पातं झाडात तसंच अडकून राहिलं, शेवटी कुऱ्हाडीनं सोडवलं. साहेब जीपमध्ये बसून निघून गेले.

मी छोटा डबा उचलून हुंगला. तेलाचा वास नाही. बोट बुडवून चोळलं, बोट लगेच कोरडं झालं. नुसतं पेट्रोल होतं.

सिलिंडर उघडायला दुपार गेली. पिस्टन निघेना, लाकडाचा तुकडा लावून हलके हलके ठोकून काढावा लागला. धूर बाहेर पडतो त्या बाजूला वरपासून खालपर्यंत उभे ओरखडे होते, मांजरानं पंजा मारावा तसे, पण प्रत्येक ओरखड्यात नख अडकेल एवढे खोल. दोन्ही रिंगा खाचांत चिकटून बसल्या होत्या. पिस्टनचं मऊ अॅल्युमिनियम वितळून सिलिंडरच्या भिंतीला लेपासारखं लागलं होतं. मी बारीक पॉलिश पेपर घेऊन ते घासत बसलो. सिलिंडर थोडाफार सुधारला, पिस्टन मात्र गेलाच होता. झीज वेगळी आणि ओरखडा वेगळा. झीज वर्षानुवर्षं होते, तिचं माप घेता येतं, तिच्याप्रमाणं रिंग बदलता येते. ओरखडा दोन-चार मिनिटांत पडतो. तेलाचा पापुद्रा फाटतो, धातूला धातू लागतो, तापून फुगतो आणि जागच्या जागी धरतो. नंतर कितीही तेल ओता, काही उपयोग नसतो.

घासताना माझा राग वाढत होता. मी सांगितलं होतं. त्यातलंच घाला म्हणून दोनदा सांगितलं होतं. म्हाताऱ्यानं ऐकलं नाही. आता शेरा माझ्या नावावर पडणार.

दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना डेपोच्या साहेबांनी बोलावलं. हे साहेब परप्रांतातले. मराठी येत नसे, माणसांशी मोडकं हिंदी आणि माझ्याशी इंग्रजी बोलत. त्यांनी चाचांना विचारलं, "पेट्रोल किसने डाला?"

"मैंने डाला, साब."

"मिस्त्री का डब्बा था. वो क्यों नहीं डाला?"

"गिर गया, साब. हात से छूट गया. फिर जीप के कॅन का डाला. चोखा पेट्रोल डाला, साब."

चोखा हा शब्द त्यांनी इतक्या ठासून म्हटला की मला चीड आली. इंजिन मारून वर तोरा. साहेब माझ्याकडं वळले आणि इंग्रजीत विचारलं, कुठला डबा वापरायचा हे तू याला सांगितलं होतंस का?

"येस सर," मी म्हणालो. ते खरं होतं.

मग विचारलं, तोच का वापरायचा, पेट्रोलमध्ये तेल का लागतं, हे समजावून दिलं होतंस का?

खोलीत पंखा नव्हता. मला घाम फुटला होता, तो तापाचा असेल. उमेदवारीचे दोन महिने उरले होते. चाचा माझ्याकडं बघत होते. त्यांना इंग्रजी कळत नव्हतं, पण माझ्या तोंडाकडं ते झाडाच्या शेंड्याकडं बघावं तसं निरखून बघत होते.

"येस सर," मी म्हणालो.

चाचा किंचित हसले. का हसले ते मला तेव्हा कळलं नाही.

त्याच दिवशी चाचांचं नाव हजेरीवरून कमी झालं. ते पेटीची किल्ली परत द्यायला आले. मी स्पॅनर पुसत होतो, मान वर केली नाही. किल्ली टेबलावर ठेवून म्हणाले, "तब्येतीला जपा, मिस्त्री. अंगात अजून कणकण हाय तुमच्या." आणि गेले.

नवा पिस्टन मुंबईहून यायला अडीच महिने लागले. तोवर मी कायम झालो. मुकादमानं पेढे मागितले, मी आणले, सगळ्यांना दिले, उरलेले खोलीवर नेऊन एकटाच खात बसलो. त्या दिवसांत मला दुसऱ्या प्रश्नाची आठवण येऊ लागली. पहिल्याची नाही, दुसऱ्याचीच. भाकरी चावताना यायची, दाढी करताना यायची. मी मनाची समजूत घालायचो की त्यातलंच घाला म्हणणं म्हणजे समजावणंच झालं. मन ऐकत नव्हतं.

मशीन पुन्हा सुरू झालं. जोडीला एक दुसरा माणूस दिला. त्यानं दाखवलेल्या बाजूला कापलेला पहिलाच कडुलिंब उलटा, भर रस्त्यात पडला. धाराशिवहून तुळजापूरला निघालेली यात्रेकरूंची बस तासभर अडकली, बायका उन्हात उतरून बसल्या. कुणाला लागलं नाही हे नशीब. फांद्या तोडताना मी सारखा मागं वळून बघत होतो, कुणी हात वर करतंय का. कुणी नव्हतं. त्या संध्याकाळी मी खोलीवर गेलोच नाही, तसाच विचारत विचारत चाचांच्या घरी गेलो. साहेबांना मी काय सांगितलं ते सांगून टाकायचं, असं ठरवून गेलो होतो.

चाचा अंगणात कुणाच्या तरी बाजेचा पाय तासत बसले होते. मला बघून चपापले, मग पटकन उठून दार बाहेरून ओढून घेतलं. घरातल्यांनी ऐकू नये म्हणून. मला शेजारी बसवलं. मी तोंड उघडायच्या आत हळू आवाजात म्हणाले, "घाबरू नको, बेटा. म्या कुणाला सांगितलं न्हाय."

ते मला पहिल्यांदाच अरे-तुरे करत होते. मी विचारलं, "काय सांगितलं नाही?"

"त्यो डबा सांडला नव्हता. म्याच वतला नाल्यात."

मला काही कळेना.

"मोठा साहेब यायचा व्हता. त्यानं डब्याचा वास घितला आसता तर? त्या जीपच्या ड्रायव्हरचं काय झालं, तुला ठावं हाय न्हवं?"

मला माहीत होतं. मी लागायच्या आधी डेपोतल्या एका ड्रायव्हरनं पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळलं होतं आणि वाचलेलं पेट्रोल बाहेर विकलं होतं. त्याला पोलीस घेऊन गेले होते.

"तू रोज सकाळी कुंपणाआड जायचा, चारी बाजूला बघायचा आन् पेट्रोलात तेल मिसळायचा," चाचा म्हणाले. "म्या बघितलं व्हतं. तेलाची टाकी निराळी आसताना पेट्रोलात कशाला तेल? एकदा तुला इच्यारलं बी, तू चिडला. म्हटलं, पोरगं एकलं, परगावचं, घरून कधी कागद येत न्हाय, कशाची तरी अडचण आसंल. म्हणून भेसळ करतंय. तापात बी म्हणतंय, त्यातलंच घाला. मोठा साहेब येतोय म्हणून सांगितलं तरी त्येच. मग म्या डबा वतला, धुतला आन् चोखं पेट्रोल भरलं. बघितलं न्हाईस तू, धूर एकदम बंद झाला व्हता. पर मशीन बिचारी आधीच खलास झाल्याली. चार महिने भेसळीनं आतनं खाल्ली आन् मेली माझ्या हातात."

ते पुन्हा बाजेच्या पायाकडं वळले, दोन ढलप्या काढल्या. मग म्हणाले, "साहेबाला खरं सांगितलं आसतं तर माझं काम ऱ्हायलं आसतं. पर तुझं गेलं आसतं. तुझी तर सुरुवात हाय."

माझ्या खिशात सगळं उत्तर होतं. तेल का लागतं, पापुद्रा म्हणजे काय, धूर का हवा, हे सगळं मी आता दोन वाक्यांत सांगू शकत होतो. सांगितलं असतं तर मी चोर ठरलो नसतो. पण मग त्यांना कळलं असतं की मशीन त्यांच्या चोख्या पेट्रोलनंच मेलं, माझ्यावर माया करायला गेले त्यानंच मेलं, आणि भाकरी गेली ती कशासाठीच नाही. मी सांगितलं नाही. ते दयेनं की भित्रेपणानं, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. त्या अंगणात मला स्वतःची इतकी किळस आली की तिथून उठून पळावंसं वाटलं.

"आता तरी बंद कर, बेटा," चाचा म्हणाले.

"बंद केलं, चाचा."

त्यांचा चेहरा खुलला. माझ्या पाठीवर थोपटून ते म्हणाले, "माझ्या कामाचं मनाला लावून घेऊ नको. तू बी काय कमी केलं व्हय? म्या बघितलं की त्या दिशी. साहेबासंगट इंग्रजीत माझ्यासाठी दोनदा बोललास. त्यानंच ऐकलं न्हाय, त्याला तू काय करणार?"

मी मान डोलावली.